डेटाबेसमधली नोंद प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट म्हणून आणावी का?

वाचनवेल
नमस्कार मंडळी.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी संगणक प्रणाली लिहायला घेतली आहे. वाचनालय 'ब' वर्गातलं, देवघेव अजून वहीवरच चालते. पायथन ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस एवढं ठरलंय. मुख्य टेबलं चार: पुस्तकं, प्रती, सभासद आणि देवघेव. पुस्तकं आणि प्रती मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, कारण एकाच कादंबरीच्या चार प्रती घेतल्या तर दाखल क्रमांकही चार पडतात.

प्रश्न पुढचा आहे. एक मार्ग असा की सरळ एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहायचं, येणारी प्रत्येक रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, टपल किंवा डिक्शनरी (मूल्यांचा साधा गठ्ठा) म्हणून घ्यायची आणि काम करायचं. दुसरा मार्ग, प्रत्येक टेबलासाठी एक क्लास (साचा) आणि प्रत्येक नोंद म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली वस्तू). जँगो किंवा एसक्यूएलअल्केमी ही पायथनमधली तयार साधनं वापरली की हे आपोआप होतं, या सोयीला ओआरएम म्हणतात. माझा ओढा दुसऱ्या मार्गाकडे आहे. सभासदाच्या ऑब्जेक्टलाच 'तुझी थकबाकी किती' असं विचारता येतं, वर्गणीचे नियम एका जागी राहतात आणि वाचणाऱ्याला कोड कळतो. पण बँकेच्या प्रणालींवर काम केलेला माझा एक मित्र म्हणतो की टेबल म्हणजे संच, त्याचे तुकडे करून ऑब्जेक्ट बनवणं ही मुळातच चुकीची वाट आहे.

दोन्ही वाटांनी गेलेले कोणी इथे असतील तर सविस्तर लिहा.

घाटमाथा
जँगो घ्या आणि कामाला लागा. हा फ्रेमवर्क जन्मला तोच मुळी कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत. 2005 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. कचेरीतल्या लोकांना रोजच्या रोज माहिती भरायची असे, म्हणून क्लास लिहिला की नोंदी भरण्या-बदलण्याचे स्क्रीन आयते मिळतात अशी सोय त्यात आली. तुमच्याकडे जुनी दाखल नोंदवही संगणकावर चढवायला जो बसेल, त्याला लगेच सुरुवात करता येईल. हेच स्क्रीन हाताने उभे करायचे तर पुढचा पावसाळा उजाडेल.

नुसता_वाचक
वाचनखूण साठवली आहे. पहिल्या बाकावर बसलोय, येऊ द्या.

तिसरी_घंटा
@घाटमाथा, स्क्रीनबद्दल सहमत. पण विचारलंय ते वेगळं आहे, आणि त्या मित्राचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात सगळा व्यवहार संचांचा. एक संच घ्या, गाळा, दुसऱ्याशी जोडा, हाती पुन्हा संचच येतो. त्यातल्या नोंदीची ओळख म्हणजे तिच्यातली मूल्यं, बाकी काही नाही. ऑब्जेक्टचं कुळ निराळं, नॉर्वेतल्या सिम्युला 67 पासूनचं. तिथे प्रत्येक वस्तूला मूल्यांपलीकडची स्वतःची ओळख असते, ती आतली माहिती झाकते आणि दुसऱ्या वस्तूचा हात धरून तिच्यापर्यंत पोचते. टेबल काहीच झाकत नाही, आणि प्रतीकडून पुस्तकाकडे जाणं जितकं सोपं तितकंच पुस्तकाकडून प्रतीकडे येणं.

तुमचंच उदाहरण घेऊ. कार्यकारिणी विचारणार, 'गेल्या वर्षी सर्वाधिक वाचली गेलेली वीस पुस्तकं सांगा, प्रत्येक किती वेळा गेली तेही सांगा.' चार टेबलांपैकी तीन जोडायची, गट पाडायचे, मोजायचं. येणाऱ्या रोमध्ये शीर्षक, लेखक आणि एक आकडा. हा ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा? पुस्तक नव्हे, प्रत नव्हे, देवघेवही नव्हे. वाचनालयाचे निम्मे प्रश्न असेच असतात. तिथे क्लास मध्ये आणला की साध्या क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) वळसा पडतो.

मोगरा
जावावाल्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितेय.

ज्यांनी जुने एंटिटी बीन (नोंदींचे ऑब्जेक्ट बनवायची जावातली जुनी पद्धत) पाहिलेत त्यांना आठवत असेल, एका टेबलासाठी दोन-तीन इंटरफेस, एक क्लास आणि वर एक्सएमएलची लांबलचक फाइल. गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये हायबरनेट हे जावासाठीचं ओआरएम साधन सुरू केलं ते या जाचाला कंटाळून. साधा क्लास लिहा, कोणता कॉलम कुठे बसतो ते सांगा, झालं. 2006 मध्ये जेपीए आलं आणि जवळपास हीच पद्धत जावाचं प्रमाण बनली.

यातून जे मिळतं ते नुसतं टायपिंग वाचवणं नव्हे. एका सेशनमध्ये (डेटाबेसशी चाललेल्या कामाच्या एका सत्रात) 512 क्रमांकाचा सभासद दहा ठिकाणांहून मागितला तरी तोच एक ऑब्जेक्ट मिळतो. एका जागी पत्ता बदलला आणि दुसऱ्या जागी जुनाच दिसला, असं होत नाही. कोणत्या वस्तू बदलल्या याचा हिशेब सेशन ठेवतं आणि शेवटी सगळे बदल योग्य क्रमाने, एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होतात किंवा एकही होत नाही अशा गठ्ठ्यात) पाठवतं. हे सरळ एसक्यूएलमध्ये करायला गेलात तर आपणच हळूहळू एक ओआरएम लिहायला लागतो, आणि तो घरचा ओआरएम नेहमी अर्धवट राहतो. मी असे बरेच पाहिलेत.

@तिसरी_घंटा, अहवालाचा मुद्दा बरोबर आहे. पण अहवालासाठी हायबरनेट वापरा असा आग्रह हायबरनेटच्या लोकांचाही नाही.

तिसरी_घंटा
मग आपलं बरंचसं जुळतंय. माझा राग आहे तो 'ओआरएम आहे, आता एसक्यूएल शिकायची गरज नाही' या शिकवणीवर. नव्या मुलांना हेच सांगितलं जातं आणि मग खाली काय चाललंय ते त्यांना दिसतच नाही.

कोकणरेल्वे
खाली काय चाललंय त्याचा नमुना देतो.

वाचनवेल, तुम्ही एक पान कराल: 'आज बाहेर असलेली पुस्तकं'. समजा 50 नोंदी आहेत. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) प्रत्येक ओळीवर सभासदाचं नाव आणि पुस्तकाचं शीर्षक दाखवाल. कोडमध्ये हे किती सरळ दिसतं पाहा: देवघेव, टिंब, प्रत, टिंब, पुस्तक, टिंब, शीर्षक. पण जँगो ती नोंद हाताशी नसेल तर त्या टिंबापाशी थांबून डेटाबेसकडे जातो. यादीसाठी एक क्वेरी, मग प्रत्येक ओळीला प्रतीसाठी एक, पुस्तकासाठी एक, सभासदासाठी एक. एकूण 151. तुमच्या संगणकावर दहा नोंदींची चाचणी घेताना काहीच जाणवणार नाही. सर्व्हर दुसऱ्या मशीनवर गेला आणि यादी वाढली की पान रडायला लागतं.

उपाय सोपा आहे. 'सिलेक्ट_रिलेटेड' वापरून आधीच सांगायचं की प्रत, पुस्तक आणि सभासद सोबत आण. मग तो जॉइन करून (टेबलं जोडून) एकाच क्वेरीत सगळं आणतो. उलट बाजूने, म्हणजे एका पुस्तकाच्या सगळ्या प्रती हव्या असतील तर 'प्रीफेच_रिलेटेड'. तो दुसरी क्वेरी करून पायथनमध्ये जुळणी करतो. दोन्हींतला फरक पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या.

मोगरा
जावात हाच त्रास उलट्या अंगानेही होतो. जेपीएमध्ये 'अनेकांकडून एकाकडे' जाणारं नातं मुळात लगेच आणण्यावर असतं. तुम्ही स्वतः क्वेरी लिहिलीत आणि जॉइन फेच लिहायला विसरलात, तर हायबरनेट ते नातं पुरं करायला मागून एकेक क्वेरी सोडतो, तुम्ही ती वस्तू वापरा किंवा न वापरा. म्हणून आमच्याकडे नियम आहे की सगळी नाती लेझी, म्हणजे मागितल्यावरच आणली जाणारी, ठेवायची आणि लागेल तिथे क्वेरीत उघडपणे मागायची.

नुसता_वाचक
लेझी असूनही मागितल्यावर लगेच काम करतो म्हणजे हायबरनेट आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींपेक्षा बरा.

सह्यकडा
कोणी बोललं नाही ते मी बोलतो. वेगापेक्षा मोठा धोका बरोबर-चूकचा आहे.

ऑब्जेक्ट म्हणजे त्या नोंदीची त्या क्षणी काढलेली झेरॉक्स. मूळ कागद डेटाबेसमध्येच राहतो आणि तो तोवर दुसऱ्या कोणी बदललेला असू शकतो. जँगोमध्ये सेव्ह म्हटलं की साधारणपणे सगळे कॉलम लिहिले जातात, तुम्ही बदललेला एकच असला तरी. हायबरनेटही मुळात सगळेच लिहितो. रूबी भाषेतला रेल्स मात्र बदललेलेच कॉलम पाठवतो. आता दोन काउंटर धरा. एकावर सभासदाचा फोन बदलला, त्याच क्षणी दुसऱ्यावर त्याचीच वर्गणी भरली गेली. दोघांनी नोंद आधी वाचली, मग लिहिली. नंतर लिहिणाऱ्याकडच्या जुन्या मूल्याने पहिल्याचा बदल पुसला जातो, आणि कुठेही एरर येत नाही.

यावर तीन हत्यारं आहेत. सेव्ह करताना 'अपडेट_फील्ड्स' देऊन नेमके कॉलम सांगा. आकडा वाढवायचा-घटवायचा असेल तर पायथनमध्ये वजाबाकी करू नका, जँगोचं 'एफ' वापरा, म्हणजे वजाबाकी डेटाबेसच्या आत होते. आणि जिथे नोंद पैशाची आहे तिथे ट्रान्झॅक्शनमध्ये 'सिलेक्ट फॉर अपडेट' करून नोंद अडवून धरा. हायबरनेटमध्ये आवृत्तीचा कॉलम ठेवतात, जुन्या आवृत्तीवरून कोणी लिहायला गेला की त्याला अडवतात. तेही चांगलं.

आणखी एक. 'उपलब्ध प्रती' असा आकड्याचा कॉलम पुस्तकाच्या टेबलात ठेवूच नका. तो कधी ना कधी चुकतो. देवघेवीच्या नोंदींवरून मोजा.

वाचनवेल
@सह्यकडा, तो कॉलम ठेवायचा विचार होता, आता काढतो. पण मग एकच प्रत दोघांच्या नावावर पडू नये हे कसं राखायचं? मी ते देवघेव क्लासच्या सेव्ह मेथडमध्ये तपासणार होतो.

सह्यकडा
तिथे तपासा, पण त्यावर विसंबू नका. जँगोत क्वेरीसेटवर (मागितलेल्या नोंदींच्या संचावर) थेट 'अपडेट' चालवलं किंवा 'बल्क_क्रिएट' केलं की सेव्ह मेथड बोलावलीच जात नाही. उद्या जुन्या वहीतल्या नोंदी एकगठ्ठा चढवाल तेव्हा तुमचा नियम झोपलेला असेल. शिवाय दोन काउंटरवर एकाच वेळी तपासणी झाली तर दोघांनाही 'मोकळी आहे' असंच उत्तर मिळेल.

पोस्टग्रेसमध्ये अर्धवट युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा) करता येतो. देवघेव टेबलात प्रतीच्या कॉलमवर युनिक, पण फक्त ज्या नोंदींत परत आल्याची तारीख रिकामी आहे त्यांच्यापुरता. म्हणजे एका प्रतीची न परतलेली नोंद एका वेळी एकच. जँगोच्या 2.2 पासून हे क्लासमध्येच अट घालून लिहिता येतं. मग नोंद क्लासमधून येवो, कमांड लाइनवरून येवो किंवा उद्या दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्राममधून येवो, नियम मोडत नाही.

तिसरी_घंटा
@सह्यकडा, टाळ्या. माझा सगळा मुद्दा हाच आहे. प्रोग्राम बदलत राहतात, टेबलं टिकतात. ऑब्जेक्टमध्ये ठेवलेला नियम त्या प्रोग्रामबरोबर जातो.

ग्रंथपाल_ताई
मी प्रोग्रामिंगमधली नाही, पण विषय वाचनालयाचा निघाला म्हणून राहवलं नाही.

वाचनवेल, दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद केलं, तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्या प्रतीला कधीही द्यायचा नसतो. नोंद तशीच राहते, शेरा पडतो. तुमच्या प्रणालीत 'काढून टाका' असं बटण दिसलं की कोणीतरी ते दाबणारच. दुसरं, सभासदत्व सोडलेल्याची अनामत परत केली तरी त्याची जुनी देवघेव पुसू नका. वर्षाची आकडेवारी त्यातूनच निघते आणि तपासणीला लोक आले की तीच मागतात.

कोकणरेल्वे
ताई, फार मोलाचं सांगितलंत. वाचनवेल, जँगोत एका टेबलाकडून दुसऱ्याकडे नातं लिहिताना 'ऑन_डिलीट' द्यावंच लागतं. 2.0 पासून सक्तीचं आहे. बहुतेक उदाहरणांत कॅस्केड लिहिलेलं असतं आणि लोक तेच उचलतात. त्याचा अर्थ, सभासद काढला की त्याची सगळी देवघेवही गेली. तुम्ही सगळीकडे 'प्रोटेक्ट' लिहा, म्हणजे जोडलेल्या नोंदी असताना काढणं अडतं. आणि प्रतीच्या टेबलात स्थिती आणि बाद केल्याची तारीख असे कॉलम घ्या.

मांडवीकाठ
सभासदांचे प्रकार कसे ठेवणार? साधारण, बाल, आजीव. ऑब्जेक्टवाल्यांना इथे हमखास इनहेरिटन्सचा मोह होतो: सभासद हा मूळ क्लास आणि खाली तीन पोटक्लास. पणजीत एका संस्थेच्या प्रणालीत नेमकं हेच पाहिलं. टेबलात हे उतरवायला तीन पद्धती आहेत. सगळ्यांचं एकच टेबल करून त्यात प्रकाराचा कॉलम, किंवा मूळ टेबल आणि प्रत्येक पोटक्लासचं जोडटेबल, किंवा प्रत्येकाचं पूर्ण वेगळं टेबल. त्यांनी दुसरी घेतली. बाल सभासद मोठा झाला की त्याला साधारण करायचा, तर एका टेबलातून नोंद काढून दुसऱ्यात घालायची. टेबलातल्या नोंदीला प्रकाराचा कॉलम बदलला की पुरतं, ऑब्जेक्टला जन्मानंतर असा सरळ क्लास बदलता येत नाही.

त्यापेक्षा 'सभासद प्रकार' असं साधं टेबल करा. त्यात वर्गणी, अनामत, किती पुस्तकं, किती दिवस. वर्गणी वाढली की कोडला हात लावायला नको.

मोगरा
+1. इनहेरिटन्स ही ओआरएममधली सर्वात कमी वापरावी अशी सोय आहे, हे मी हायबरनेटची चाहती असूनही सांगते.

अनुस्वार
अवांतर: क्लासची आणि टेबलांची नावं मराठीतच का ठेवत नाही? पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, पोस्टग्रेसमध्येही चालतात.

कोकणरेल्वे
चालतात, पण पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा 63 बाइट आहे आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून 21 चिन्हं. जँगो इंडेक्सची नावं स्वतः जोडून बनवतो, ती लांब होतात. शिवाय काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह घालतात, ते पायथनच्या नावात चालत नाही. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं आणि प्रोग्राम अडून बसतो. नावं रोमन लिपीत, पडद्यावरचं सगळं मराठीत, असं करा.

अनुस्वार
पटलं. मग पडद्यावरच्या क्रमाचं बोलू, ते अवांतर नाही. शीर्षकांची यादी पायथनमध्ये क्रमाने लावली तर ती युनिकोडच्या क्रमांकानुसार लागते. तिथे 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे बसलाय, म्हणून 'काळ' आधी आणि 'काव्य' नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' नंतर. पोस्टग्रेसमध्ये 10 पासून आयसीयू या लायब्ररीची कोलेशनं (भाषेनुसार क्रम लावायचे नियम) आहेत, त्यांत मराठीचंही आहे. जँगोच्या 3.2 पासून कॉलमला कोलेशन देता येतं. क्रम लावायचं काम डेटाबेसलाच सांगा, ऑब्जेक्टची यादी हातात घेऊन परत लावू नका. नाही तर एका पानावर एक क्रम आणि दुसऱ्यावर दुसरा.

तिसरी_घंटा
यावरून आठवलं, रिकाम्या मूल्यांचंही असंच दुहेरी आहे. पायथनमध्ये नन बरोबर नन हे खरं असतं. एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल याचं उत्तर 'खरं'ही नाही आणि 'खोटं'ही नाही, 'अज्ञात' आहे. 'कधीच बाहेर न गेलेल्या प्रती' काढताना कोणी 'नॉट इन' लिहिलं आणि आतल्या यादीत एक जरी नल असला तर निकाल रिकामा येतो. तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा.

घाटमाथा
एवढं सगळं वाचून वाचनवेल सरळ वहीच चालू ठेवतील. अहो, घाबरवू नका त्यांना. मूळ प्रश्न होता ऑब्जेक्ट की नुसत्या रो.

मोगरा
बरोबर, तिथेच येते. मार्टिन फाउलर यांनी 2002 मध्ये यातल्या रचनांना नावं दिली. ॲक्टिव्ह रेकॉर्डमध्ये ऑब्जेक्टच स्वतःला सेव्ह करतो. जँगो आणि रेल्स त्या घराण्यातले. डेटा मॅपरमध्ये ऑब्जेक्टला डेटाबेसची खबरच नसते, मधला थर ने-आण करतो. हायबरनेट आणि पायथनची एसक्यूएलअल्केमी त्या बाजूचे. एसक्यूएलअल्केमी 2006 पासून आहे आणि तिचे दोन थर मुद्दाम वेगळे ठेवलेत: खाली पायथनमधून एसक्यूएल रचणारा गाभा आणि वर ओआरएम. नुसता गाभा वापरलात तर तिसरी_घंटांचंही समाधान होईल.

तुमच्या कामाला मात्र मी जँगोच म्हणेन. टेबलं थोडी, नोंदी भरण्याचं काम मोठं, आणि पुढे ही प्रणाली सांभाळणारा गावातलाच कोणी मुलगा-मुलगी असेल. त्यांना जँगो शिकायला साहित्य भरपूर आहे.

तिसरी_घंटा
मीही जँगोच म्हणतो, दोन अटींवर. एक नोंद उघडून बदलायची असेल तिथे ऑब्जेक्ट: सभासद नोंदणी, पुस्तक देणं, परत घेणं, वर्गणी. आणि मोजणी, बेरीज, यादी, अहवाल हे सगळं सरळ एसक्यूएलमध्ये, रो जशा येतील तशा. त्यांना क्लासमध्ये कोंबू नका. दुसरी अट, नियम टेबलांवर लिहिलेले असले पाहिजेत.

वाचनवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. जँगो घेतोय. नाती सगळी प्रोटेक्ट, उघड्या देवघेवीवर युनिक इंडेक्स, सभासद प्रकाराचं वेगळं टेबल, शीर्षकाला मराठी कोलेशन. मित्रालाही हा धागा पाठवला, तो म्हणाला की अहवाल एसक्यूएलमध्ये राहिले तर त्याची तक्रार नाही.

शेवटचं विचारतो. वार्षिक अहवालाची क्वेरी कार्यकारिणीला स्क्रीनवरही बघायची आहे, म्हणजे तेच जँगोच्या ॲडमिनमध्ये (त्या आयत्या स्क्रीनमध्ये) दाखवायचंय. मग सरळ एसक्यूएल तिथे कसं बसवू? आणि त्या 151 क्वेरी पुन्हा गुपचूप शिरल्या तर मला कळणार कसं?

कोकणरेल्वे
क्वेरीचा पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) बनवा. जँगोत त्यावर एक क्लास लिहा आणि मेटामध्ये 'मॅनेज्ड' फॉल्स करा, म्हणजे जँगो ते टेबल बनवायला जाणार नाही. व्ह्यूमध्ये प्रत्येक रोला वेगळा असा एक कॉलम हवा, पुस्तकाचा आयडी चालेल, तोच प्रायमरी की म्हणून सांगा. ॲडमिनमध्ये भरण्या-बदलण्याची परवानगी बंद करा, फक्त बघायची ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाला जँगोच्या चाचण्यांमध्ये 'असर्ट_नम_क्वेरीज' आहे, नाव सलग लिहितात. 'बाहेर असलेली पुस्तकं' या पानासाठी चाचणी लिहा, तीत पाच-सहा वेगवेगळ्या पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी घाला आणि अपेक्षित क्वेरींचा आकडा द्या. कोणी टेम्प्लेटमध्ये एखादं टिंब वाढवलं आणि त्यातून जादा क्वेरी निघाली की चाचणी पडेल आणि त्या सगळ्या क्वेरी छापून दाखवेल.